दहा पावलं पुढे

अहो, काल तुमचं तेरावं झालं. पाहुणे गेले, मांडव सुटला, भाड्याची भांडी परत गेली. तुमच्या थोरल्या बहीण, अक्का, तेवढ्या राहिल्यात, त्या आत आडव्या झाल्यात. घर मोकळं झालं म्हणून म्हटलं, आपलं भांडण काढावं. तेच ते, पाच वर्षांचं, पॉम्पेईचं. तुम्ही म्हणायचात, "मी बघितलं होतं मागं." मी म्हणायचे, "न्हाई बघितलं." ते अर्ध्यात टाकून गेलात, हे काही बराबर केलं नाहीत. दुकानातून निरोप पाठवलात, दहा मिनिटांत येतो, ताट वाढ. ताट वाढलं होतं मी.

भेटायला आलेले लोक चांगलं बोलले. कोणत्या शेतकऱ्याला तुम्ही कधी सडकं बियाणं दिलं नाही, कोणाच्या रानात स्वतः जाऊन उगवण बघितली, सगळं निघालं. "सरळ माणूस होता, सरळ चालला," असं तिघं-चौघं म्हणाले. मी खाली मान घालून बसले होते. मनात म्हटलं, सरळ चालणं मला सांगू नका. अठ्ठावीस वर्षं त्याच्या मागून चाललेय मी.

आठवतं का, एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात लग्न करून मला वडीगोद्रीला आणलं, तो दिवस? फाट्यावर गाडीतून उतरलो आणि घरापर्यंत चालत निघालो. तुम्ही पुढे, दहा पावलं मागे मी, माझा हात धरून अक्का आणि सगळ्यांच्या मागून सासूबाई. तुमच्या पायात कोऱ्या करकरीत चपला, आणि तेवढ्या रस्त्यात तुम्ही तीनदा खाली वाकून चपलेचा पट्टा नीट केलात. सासूबाई मागून ओरडल्या, "लग्नाच्या चपला अन् इतक्यात तुटल्या? कुठून उचलून आणल्या रं?" मला पदराआड हसू आवरेना. म्हटलं, नवरा मिळाला तो असा, चप्पलसुद्धा धड घेता येत नाही याला!

दहा पावलांचं मला कोणी शिकवलं नाही. गावात सगळेच तसे चालायचे. बाहेरगावाहून आलेला एक ग्रामसेवक बायकोच्या बरोबरीनं बोलत-हसत चालायचा, तर फाट्यावरच्या हॉटेलातल्या माणसांनी त्याचं नावच बाईलवेडा पाडलं. बदली होऊन गेला बिचारा, तरी नाव मागे राहिलं. मी शाळेत बाई होते, चौथीच्या पन्नास पोरांना एका आवाजात गप्प करायचे. पण शाळा सुटली, तुम्ही दुकानातून निघालात आणि वाटेत गाठ पडली, की मी आपोआप मागे. अंबडच्या देवीच्या पायऱ्या चढतानासुद्धा. तुमची पाठ मला तुमच्या चेहऱ्यापेक्षा जास्त पाठ आहे. सदऱ्याला घाम आधी कुठं फुटतो, उजवा खांदा कसा उतरतो, सगळं. टक्कल पडायला लागलं तेही मला तुमच्या आधी कळलं.

आणि दर दोन-चार दिवसांनी तुमची चप्पल तुटायची. कोपऱ्यावरच्या कडुलिंबापाशी हमखास. तुम्ही वाकायचात, मी थांबायचे. मग तुम्ही उठून चालायला लागायचात. किती बोलले असेन तुम्हाला त्यावरून! "एवढा धंदा करता, एक टिकाऊ चप्पल घ्या की." तुम्ही म्हणायचात, "चालतंय गं."

मग ती स्कीम आली. बियाण्याच्या कंपनीनं जास्त माल खपवणाऱ्या दुकानदारांना जोडीनं परदेशाची सहल दिली. भूमध्य समुद्रातून आठवडाभर जहाज, रोज एक नवं बंदर, रोज एक जुनं शहर. तुम्ही कागद वाचून टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "आठ दिवस पाण्यावर? मी न्हाई जात. दुकान कोण बघंल?" दिवाळी झालेली, रब्बीची विक्री आटोपलेली, दुकानात माशा मारायचं काम होतं. जन्मात पहिल्यांदा मी हट्ट केला. म्हटलं, "किती वर्षं झाली, पोरांना नकाशात भूमध्य समुद्र निळा रंगवायला लावून राह्यले मी. तो खरंच निळा हाय का, एकदा बघू द्या." तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "मास्तरीणबाईंची परीक्षा दिसती ही. चल मंग."

कंपनीनं पुरुषांना टोप्या आणि लेसचे बूट दिले. बायकांना सगळ्यांना एकसारखी निळी साडी, जरीसारखा पिवळा काठ, आणि पांढरे कॅनव्हासचे बूट. शहर बघायला उतरताना हेच घालायचं, म्हणजे गर्दीत कोणी हरवणार नाही, असं टूरच्या मॅडमनी सांगितलं. अहो, आता हसू येतं.

जेनोव्हाला जहाजात चढलो तेव्हा तुम्ही मान वर करून मजले मोजलेत आणि म्हणालात, "हे तरंगतंय कसं, याचा विचार करायचा न्हाई. नायतर झोप लागायची न्हाई." पहिल्या सकाळी नाश्त्याच्या टेबलावर खिशातून ठेच्याची डबी काढलीत. मस्तगडच्या सरलाभाभी आणि त्यांचे शेठजी आपल्याच टेबलावर होते. भाभींनी शेंगदाण्याची चटणी काढली, बाजूची गोरी जोडपी बघत राहिली. मी मात्र खिडकीपाशी होते. समुद्र निळाच होता हो. पोरांच्या खडूत नसतो असला निळा.

दुसऱ्या दिवशी नेपल्स. तिथून बसनं पॉम्पेई, डोंगर फुटून राखेखाली गेलेलं आणि मग उकरून काढलेलं शहर. गाइड बाई पुढे पिवळी छत्री धरून. दगडी रस्त्यात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या होत्या. तुम्ही उकिडवे बसून वितीनं त्यांच्यातलं अंतर मोजलंत. "आपल्या बैलगाडीपेक्षा रुंद हाय गं." किती खूश होतात! मग उठलात आणि चालायला लागलात, पुढे. मी मागे.

एका घरात पावाची भट्टी होती आणि अंगणात जाती. केवढी थोरली, माझ्या कमरेच्या वर! वरचा दगड फिरवायला लाकूड घालायची भोकं होती. मी एका भोकात हात घातला. आतून गुळगुळीत झालेलं, किती जणांनी ढकललं असेल त्याला. तुमची सासू जात्यावर बसायची ते आठवलं, तिच्या तळव्याचे घट्टे आठवले. मी किती वेळ उभी राहिले, मला सांगता येणार नाही. मान वर केली तर ना पिवळी छत्री, ना टोप्या, ना तुमची पाठ.

आधी मला भीती वाटली नाही. म्हटलं, लिंबापाशी थांबतात तसे थांबले असतील. मग गल्ल्या सुरू झाल्या. सगळ्या सारख्या. ज्याला-त्याला हातवारे करत कशीबशी फाटकाबाहेर आले, तर बसची जागा रिकामी. पासपोर्ट तुमच्याकडे. पैसे तुमच्याकडे. सहाला जहाज सुटणार, हे सकाळी दोनदा बजावलेलं. फाटकासमोर एक म्हातारी लिंबं विकत होती, नारळाएवढी लिंबं. तिनं मला बघितलं आणि स्वतःची खुर्ची दिली, सरबत दिलं. मी तिला मराठीत सांगितलं, "बाई, माझा नवरा मला सोडून गेला." तिनं तिच्या भाषेत बरंच काही ऐकवलं. सूर ओळखीचा होता. नवरे या विषयावर सगळीकडे एकच सूर असतो बहुतेक.

दोन तास बसले त्या खुर्चीवर. रडले नाही. पण एक विचार मनात शिरला तो निघेना. सापडण्याची काळजी नव्हती, येतील हे माहीत होतं. विचार असा की, हा माणूस तेवीस वर्षं माझ्या पुढे चालतोय, त्याला मी मागे आहे हे कळतं तरी का? का मी नुसती सवय झालेय, सावलीसारखी, जिच्याकडे कोणी वळून बघत नाही? तुम्हाला वाटायचं, मी बस चुकल्याचा राग धरून बसले. बसचं काय घेऊन बसलात. मला याचं उत्तर पाहिजे होतं.

टॅक्सी आली. तुम्ही आणि टूरच्या मॅडम उतरलात. टोपी कुठंतरी पडलेली, सदरा भिजलेला. मी उभी राहिले. वाटलं, आता काहीतरी बोलतील. तुम्ही म्हणालात, "पाणी पिलीस का?" मी मान हलवली. "चल मंग, जल्दी कर, जहाज जाईल." आणि वळून चालायला लागलात, दहा पावलं पुढे! वर टॅक्सीपाशी जाऊन खाली वाकलात आणि बुटाची लेस बांधायला लागलात. माझा इथं जीव गेलाय आणि ह्या माणसाला लेस सुचतीय! त्या लिंबंवालीनं कपाळावर हात मारलेला मी बघितला.

झालं कसं, ते सरलाभाभींनी सांगितलं. आपल्या ग्रुपमध्ये बसमध्ये पुरुष पुढे आणि बायका मागे, हे पहिल्याच दिवशी न ठरवता ठरलेलं. मॅडमनी दारातून विचारलं, "सगळ्यांच्या मिसेस आल्या ना?" प्रत्येकानं हो म्हटलं. तुम्ही म्हणालात, "हाव, हाय ना मागं." मान न वळवता. बस निम्म्या रस्त्यात गेल्यावर मागून भाभी ओरडल्या, तेव्हा कळलं.

केबिनमध्ये मी विचारलं, "एकदा वळून बघायला काय झालं होतं?"

"बघितलं होतं मी. फाटकाच्या आत. निळी साडी होती मागं, पिवळा काठ, पांढरे बूट."

"त्या भाभी होत्या."

"मला काय माहीत?"

"काय माहीत? त्यांचा पदर उजव्या खांद्यावरून पुढं येतो, माझा डाव्या खांद्यावरून मागं जातो. आंधळ्याला कळंल. त्या गोऱ्या, मी काळी. त्या अशा ठेंगण्या. अन् तुम्ही म्हणता बघितलं?"

"बघितलं म्हंजे बघितलं."

"तोंड दिसलं का?"

तुम्ही वाकून बुटाची लेस सोडायला लागलात.

"मंग कसं बघितलं?"

"बघितलं," तुम्ही म्हणालात आणि भिंतीकडे तोंड करून झोपलात. मला तेव्हाच खात्री पटली, हा माणूस खोटं बोलतोय. वळून बघितलं असतं तर दोन बायकांतला फरक कळला नसता? एक तर बघितलं नाही, नाहीतर बायकोला ओळखलं नाही. यातलं कमी वाईट कोणतं, ते मला ठरवता येईना.

पालेर्मोला मी जहाजातून उतरलेच नाही. तुम्हीही नाही उतरलात. दिवसभर डेकवर दोन खुर्च्या सोडून बसलात, मध्ये दोनदा चहा आणून ठेवलात. मी नाही घेतला. एकदा तरी घ्यायला पाहिजे होता. तिथल्या चहात दूध नसतं म्हणून तुम्ही कुठून तरी वेगळं गरम दूध मागून आणलं होतं, ते मला दिसलं होतं.

ट्युनिसला मात्र वेगळंच झालं. कार्थेजचे खांब बघायला निघालो आणि तुम्ही थांबलात. म्हणालात, "हो पुढं." मी म्हटलं, "मला रस्ता माहीत न्हाई." "मला तरी कुठं माहीत हाय? छत्रीमागं जायचं. हो पुढं." आणि माझ्या मागे चालायला लागलात. बार्सिलोनातही, मार्सेलातही. पोलीस मागे लागल्यासारखं वाटायचं आधी. पुढे कसं चालायचं तेच मला येत नव्हतं. दोन वाटा फुटल्या की मी उभीच. तुम्ही मागून म्हणायचात, "कोणतीबी घे." खरं सांगू? ते तीन दिवस मला आयुष्यात पुरतील. रस्त्यात तुमची पाठ नव्हती. नुसता रस्ता होता, त्याच्या पुढे बंदर, बंदराच्या पुढे पाणी. हे तुम्हाला मी कधी बोलले नाही, कारण माझा राग चालू होता. राग फार महाग पडतो हो, तेव्हा कळत नाही.

मार्सेलाच्या चर्चच्या पायऱ्या चढताना तुम्ही मागून म्हणालात, "डावा पाय अजून ओढतीस तू. किरण झाला तव्हा सुरू झालं ना हे? मधी कमी झाल्तं." मी म्हटलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?" तुम्ही म्हणालात, "चढ, चढ, लोक खोळंबले." मी आपली चढले.

घरी आलो. फाट्यावर उतरलो. बॅगा उचलल्या आणि तुम्ही झालात पुढे, दहा पावलं. लिंबापाशी चप्पल तुटली. मी मोठ्यानं हसले, रडूही आलं. म्हटलं, संपली सहल.

पाच वर्षं आपण हे भांडलो. डाळीत मीठ जास्त झालं की पॉम्पेई निघायचं. कोणाच्या लग्नात निळी साडी दिसली की मी तुम्हाला कोपरानं ढोसायचे, "बघा, मीच का ती?" तुम्ही शेवटपर्यंत एकच वाक्य धरून बसलात. "बघितलं होतं." कसं, ते नाही सांगितलंत.

नवव्या दिवशी दुपारी अक्का त्यांच्या सासरहून, धावड्याहून आणलेलं गाठोडं सोडून बसल्या होत्या. दहाव्याला दान द्यायला छत्री, काठी, चपला काढायच्या होत्या. पलंगाखालून तुमच्या चपला ओढल्या. चार जोड निघाले, टाकून न देता ठेवलेले. मी म्हटलं, "अक्का, धड एकबी नसंल बघा. ह्यांच्या चपला सारख्या तुटायच्या." त्यातला बरा जोड शोधायला म्हणून मी एकेक उलटीपालटी केली. तळवे झिजलेले होते. पट्टे सगळे जिथल्या तिथे. एकाही पट्ट्याला टाका नाही, खिळा नाही, दोरा नाही. आठच्या आठ चपला बिलकुल शाबूत.

मी अक्कांकडे बघितलं. अक्का माझ्याकडे बघत होत्या आणि हसू दाबत होत्या, डोळ्यांत पाणी.

"येडी हायस का गं," त्या म्हणाल्या. "भानूची चप्पल कधी तुटली? जल्माचा जपून चालणारा त्यो. लग्नाच्या दिवशी तुझा हात धरून मी चालत होते ना? त्यो खाली वाकला अन् काखेतनं बघत होता मागं. मला त्याचा डोळा दिसला. तीनबी वेळा. मायला सांगितलं असतं तर तिनं त्याला सोडलं नसतं, अन् पोरांनी बाईलवेडा म्हणून जगू दिलं नसतं. मी न्हाई बोलले कोणाला."

"मला तरी सांगायचं."

"त्यानंच आण घातल्ती. म्हणला, तिला कळलं तर हसंल."

अठ्ठावीस वर्षं. आठवड्यातून दोनदा धरलं तरी किती वेळा वाकलात हो तुम्ही! आणि मी प्रत्येक वेळी चपलेला शिव्या दिल्या. हसले असते मी, हे खरं. पण नंतर काय केलं असतं, ते बघायला तरी मिळालं असतं तुम्हाला.

दहाव्याला शहागडला गोदाकाठी गेलो. किरणनं सगळं नीट केलं. निघताना गुरुजी म्हणाले, "आता कोणी मागं वळून बघायचं न्हाई. सरळ गाडीपर्यंत चला." सगळे निघाले. किरण पुढे, पुरुष पुढे, मग आम्ही बायका. माझ्या मागे अजून चार-पाच जणी होत्या, आणि त्यांच्या मागे पाणी, आणि तुम्ही.

दहा पावलं चालले. मग मी खाली वाकले आणि चपलेच्या पट्ट्याला हात लावला.

काखेतून बघितलं. अहो, तिथून तोंडं दिसतच नाहीत. पदर दिसत नाही, खांदा दिसत नाही, गोरी का काळी कळत नाही. नुसते काठ दिसतात उलटे, आणि पावलं. माझ्या मागे माझी सख्खी जाऊ होती का शेजारीण, मला सांगता आलं नाही. त्या काठांच्या मधून थोडं पाणी दिसलं, ओला घाट दिसला, आम्ही पिंड ठेवून आलो ती जागा दिसली.

बघितलं होतंत तुम्ही. निळी साडी, पिवळा काठ, पांढरे बूट. तेवढंच दिसलं असणार. हरले मी.

अक्का माझ्यापाशी थांबल्या. "तुटली का गं?"

"हाव," मी म्हटलं. आणि पट्टा सोडून उठायला जरा वेळ लावला.